तळघरात नऊ सॉनिक, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही!

कुणाला सांगू नका हं, पण यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत, लेक हायवाथात, जे मी या डोळ्यांनी पाहिलं, ते अजून घशाखाली उतरलेलं नाही. तिळाची वडी उतरली. चार उतरल्या. हे मात्र अडकून बसलंय.

झालं असं, की बाहेर बर्फ. दाराशी बुटांचा हा ढीग, त्यात कुणाचा डावा कुणाच्या उजव्याशी संसार थाटून बसलेला. वर आम्ही बायका काळ्या साड्यांत, एका नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने, आणि वाण म्हणून नॉर्थ बेव्हरविक रोडवरच्या दुकानातून आणलेल्या स्टीलच्या वाट्या. त्या वाट्या मला मागच्या वर्षीही मिळाल्या होत्या, पण ते असो. पुरुषमंडळी टीव्हीसमोर. पोरं तळघरात. पार्सिपनीत पोरं कुठे आहेत असं कुणी विचारत नाही. ती खालीच असतात, लोणच्याच्या बरण्या असाव्यात तशी. यजमानीणबाई म्हणाल्या, "जरा खाली तिळगूळ देऊन येता का?" मी ताट घेऊन उतरले आणि शेवटच्या पायरीवर थिजले.

नऊ पोरं. नऊ लॅपटॉप. नवांच्या कानांवर हेडफोन. आणि नवांच्या पडद्यावर तोच एक निळा, काटेरी, लाल बुटांचा प्राणी तीच ती हिरवी टेकडी चढतोय! एकाचा पाण्यात बुडतोय, एकाचा उड्या मारतोय, एकाचा नुसताच पाय आपटत उभा. नऊ जणांची नऊ वेगळी हिरवी जगं. मांडीला मांडी लावून बसलेत, पण ह्याच्या जगात त्याला प्रवेश नाही. एकाच पंगतीत नऊ जण आपापला डबा उघडून, पाठ करून जेवताहेत असं दृश्य कधी पाहिलंयत? मी पाहिलं.

बरं, त्या खेळात सोयच नसती तर मी एक शब्द बोलले नसते. पण माझ्या भाच्याच्या पडद्यावर मी स्वतः वाचलं. पहिल्याच पानावर, ढळढळीत अक्षरांत: मल्टिप्लेअर. बत्तीस जणांपर्यंत एकत्र खेळता येतं म्हणे. बत्तीस! आमच्या भिशीत अकरा आहेत आणि तरी दरमहा भांडण होतं. मी विचारलं, "अरे, सगळे मिळून का नाही खेळत?" तर भाच्यानं एक कान मोकळा केला, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, ते कोणी खेळत नाही." आणि कान झाकला.

कोणी खेळत नाही! म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं खपून बत्तीस माणसांचा दिवाणखाना बांधला, झुंबरं लावली, आणि पोरं देवडीतच खेळून परत जातात!

मी वर येऊन बातमी फोडली. अशी बातमी पोटात ठेवणं प्रकृतीला बरं नसतं. कोथरूडच्या वहिनींनी लगेच कपाळाला हात लावला. "म्हणजे व्यसनही एकेकट्यानं!" नाशिकच्या काकूंना वेगळीच शंका: "पैसे किती पडतात त्याला?" फुकट आहे, म्हटलं. त्यावर जी शांतता पसरली, ती अमेरिकेत वीस वर्षं काढलेल्या माणसांनाच कळेल. फुकट? मग नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

काळंबेरं म्हणजे काय, तेही मी काढून आणलं. चार दिवस भाच्याच्या मागे लागले, त्याला दोनदा थालीपीठ करून घातलं, तेव्हा हकिकत बाहेर आली. खेळाचं नाव 'सॉनिक रोबो ब्लास्ट २'. सॉनिक हे पात्र जपानच्या सेगा कंपनीचं, जन्म १९९१ चा. पण हा खेळ सेगाचा नव्हेच! सॉनिकवर जीव जडलेल्या काही पोरांनी सन १९९८ च्या सुमारास आपला आपण बनवायला घेतला, स्वतःला 'सॉनिक टीम ज्युनियर' म्हणवून घेतलं, आणि तेव्हापासून पदरमोड करून, रात्री जागून, तो अजून बनवतातच आहेत. मोठी २.२ ही आवृत्ती निघाली डिसेंबर २०१९ मध्ये. एकवीस वर्षं! आमच्या शेजारच्यांचं तळघर सात वर्षं 'फिनिश' होतंय तर आम्ही त्यांना नावं ठेवतो.

आणि आता खरी कुजबुज ऐका. या गोजिरवाण्या सॉनिकच्या कातडीखाली हाडं कुणाची आहेत माहीत आहे? डूमची! तोच तो १९९३ चा रक्ताळलेला, राक्षस मारायचा डूम. त्याच्या कर्त्यांनी १९९७ मध्ये आतली कृती जगाला खुली केली. त्यावरून कुणीतरी 'डूम लेगसी' काढलं, आणि त्यावर या पोरांनी हिरव्या टेकड्या आणि फुलं चढवली. म्हणजे कटाची आमटी समजून प्यावी आणि ती पांढऱ्या रश्शावर केलेली निघावी! कोथरूडच्या वहिनींनी वाटी खाली ठेवली.

यातली गंमत मला मागाहून कळली. डूम म्हणजे माणसांना एकमेकांच्या अंगावर घालणाऱ्या खेळांचा आजोबा. १९९३-९४ त कचेऱ्यांतली आणि विद्यापीठांतली माणसं काम टाकून जाळ्यावर एकमेकांना इतकी मारत सुटली, की ठिकठिकाणी त्यावर बंदी घालावी लागली. असल्या गावगप्पाड्या आजोबाची हाडं आणि नातू असा एकलकोंडा! रक्तात नव्हतं हो त्याच्या.

मग कुठे बिघडलं?

डोंबिवलीचे भाऊजी म्हणाले, ही आताची पोरंच तशी. त्यांच्या मते आमच्या काळी सगळं एकत्र होतं. भाऊजींचा काळ म्हणजे नव्वदचं दशक: चाळीतल्या एका घरी तो जपानी डब्याची नक्कल असलेला व्हिडिओगेम, त्यात फुंकर मारून खुपसायची कॅसेट, आणि कॅसेटवर छापलेलं '९९९९ इन १', ज्यात खरे खेळ बाराच. भाऊजींचा गळा दाटून आला. मी मात्र त्यांना तिथेच अडवलं. कारण मीही त्या चाळीत होते, आणि मला आठवतंय ते वेगळंच आहे.

मारिओत दोघं खेळायचे म्हणजे काय करायचे? एक खेळायचा आणि दुसरा बसायचा! १९८५ च्या त्या मारिओत मारिओ मेल्याशिवाय लुइजीला जन्मच नाही. माझा मोठा भाऊ मरायचाच नाही. संध्याकाळच्या संध्याकाळी मी रिमोट हातात धरून त्याच्या मरणाची वाट पाहत काढल्यात. सख्ख्या भावाबद्दल असले विचार पोराबाळांच्या मनात यावेत अशी ती व्यवस्था होती. (हाच मारिओ घेऊन निन्टेन्डोवाले १९८५ च्या शरदात अमेरिकेत नशीब काढायला आले, तेव्हा त्यांचं गोदाम इथेच हॅकेनसॅकला होतं. आमच्याकडून ऐंशी नंबरच्या रस्त्यानं पाऊण तास. तिथून डबे न्यूयॉर्कच्या दुकानांत जायचे. सगळ्या भानगडींचं मूळ न्यू जर्सीत निघतं, हे माझं जुनं मत आहे.) खरं एकत्र खेळणं होतं ते कॉन्ट्रात. दोन शिपाई, एकच पडदा. पण तिथेही एक भराभर वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर जायचा आणि खाली राहिलेला दुसरा फुकट मरायचा. त्यावरून आमच्या मजल्यावर दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं होतं, ते माझ्या लग्नात सुरू झालं.

सांगायचा मुद्दा, उड्या मारायच्या खेळात सोबत ही गोष्टच मुळात अवघड. उडी ज्याची त्याची. कधी पळायचं, कधी थांबायचं, कड्याच्या टोकावर कधी बटण दाबायचं, हा ताल आतला असतो, आणि दुसरा माणूस आला की तो बिघडतो. सेगाला हे १९९२ तच कळलं होतं. 'सॉनिक २' मध्ये त्यांनी टेल्स नावाचा दोन शेपट्यांचा कोल्हा दिला. दुसरा रिमोट धाकट्याच्या हातात द्यायचा, तो टेल्स चालवणार. टेल्स मागे राहिला तर पडदा त्याच्यासाठी थांबत नाही. तो आपोआप उडत उडत येऊन गाठतो. मेला तरी काही बिघडत नाही, परत येतो. म्हणजे धाकट्याला वाटतं मी खेळतोय, थोरल्याला वाटतं मी एकटाच खेळतोय, आणि आईला वाटतं दोघं मिळून खेळताहेत. घरात शांतता नांदावी म्हणून इतका थोर तोडगा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. लेक हायवाथाच्या तळघरात मात्र सगळेच थोरले. टेल्स व्हायला कुणी तयार नाही.

पण भाच्याच्या तोंडून कारणं निघाली ती याहून वेगळी, आणि ती ऐकून माझी मान शरमेनं खाली गेली. कारण ती सगळी आमचीच निघाली.

पहिली गोष्ट, मल्टिप्लेअरला यजमान लागतो. कंपनीच्या खेळाचं ठीक असतं, कंपनी कुठेतरी मोठाले संगणक मांडते, पाहुण्यांची जोडीही तीच लावून देते. चाहत्यांच्या खेळाकडे पैसा कुठला? घेता येत नाही, मागायची सोय नाही. पात्र दुसऱ्याचं आहे ना! मग कुणीतरी आपलाच संगणक पुढे करायचा, आणि इतरांनी त्याच्या घरी यायचं. आता घरी यायचं तर पुष्कळदा दार उघडं लागतं. हे दार आपल्या इंटरनेटच्या डब्यात असतं, त्याचा क्रमांक ५०२९. (या क्रमांकावरून मी एक दिवस भाच्याला बाजूला घेऊन गंभीर आवाजात विचारलं होतं, की बाळा, हा कुणाच्या घराचा नंबर? तो हसून खाली बसला.) ते दार उघडायचं तर डब्याच्या आत शिरावं लागतं, त्याचा पासवर्ड बाबांकडे, आणि बाबा म्हणतात, "कशाला उघडतोस? उघडलंस तर नंतर बंद कोण करणार?" बाबा दिवसा संगणकाच्या सुरक्षेचंच काम करतात, संध्याकाळी घरी तेच. याच पार्सिपनीत पीएनवाय कंपनीचं मुख्यालय आहे, तिच्या नावाची खेळांसाठीची ग्राफिक्स कार्डं जगभरच्या पोरांच्या संगणकांत बसतात. आणि इथे गावातल्या पोरांना घराचं एक दार उघडून मिळत नाही!

नाशिकच्या काकू म्हणाल्या, "बरोबरच आहे. परकी माणसं येतील." परकी माणसं हा विषय निघाल्यावर वीस मिनिटं कुणी दुसरं बोललंच नाही, ते मी गाळते.

समजा उघडलं दार. मग बाहेरून येणाऱ्यांकडे त्याच आवृत्तीचा खेळ हवा. यजमानाकडे नवा आणि पाहुण्याकडे जुना, तर दारातच अडणार. शिवाय चाहत्यांच्या खेळावर आणखी चाहत्यांनी रचलेले मजले: कुणी नवीन पात्र करून टाकलंय, कुणी नवीन गाव. यजमानानं ती सगळी घातली असतील तर पाहुण्यालाही घालावी लागतात. यजमानाच्या संगणकाकडून ती आपोआप येतात खरी, पण येईपर्यंत पाहुणा ओसरीवर ताटकळत बसलेला. आमच्याकडे एकीनं केटो धरलंय, एक जैन पद्धतीनं कांदा-लसूण खात नाही, एकीला बदामाची ॲलर्जी. यजमानीण बिचारी जेवण ठरवता ठरवता हळदीकुंकूच रद्द करते की नाही? तसंच ते.

आणि आता जे सांगते ते बसून ऐका.

या खेळात यजमानाला ताजं मिळतं आणि पाहुण्याला शिळं! हो! यजमानानं बटण दाबलं की त्याचा सॉनिक तत्क्षणी उडतो. पाहुण्यानं दाबलं, तर ती वार्ता आधी यजमानाच्या संगणकाकडे जाते, तिथून होकार घेऊन परत येते, आणि मग पाहुण्याचा सॉनिक उडतो. तोवर कडा संपलेला असतो. हे डूमच्या हाडांतलं दुखणं. सगळ्यांच्या पडद्यावर तंतोतंत एकच घडावं म्हणून यजमानाकडून होकार आल्याशिवाय पाहुण्याचा पुढचा क्षण सरकत नाही. डूम मुख्यतः एकाच खोलीत, एका तारेला बांधलेल्या माणसांसाठी होता. तिथे हे चालून जायचं. जगाच्या दोन टोकांना बसलेल्यांनी त्या तारेवर नाचावं अशी अपेक्षाच कुणी केली नव्हती.

हे आम्ही प्रत्यक्ष करून पाहिलंय, म्हणून एवढ्या अधिकारानं बोलते. भाच्याचा चुलतभाऊ पुण्यात असतो. संक्रांतीच्या आठवड्यात दोघांनी ठरवलं: आमचे सकाळचे नऊ, त्यांचे संध्याकाळचे साडेसात. पुणेकर जेवायच्या आधी, पार्सिपनीकर पोहे खाता खाता. दार उघडलं, आवृत्त्या जुळल्या, दोघांचे सॉनिक एका टेकडीवर उभे राहिले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पुण्याचा सॉनिक धावला आणि सरळ खड्ड्यात गेला. पुन्हा उठला, पुन्हा गेला. सातव्यांदा गेल्यावर पुण्याहून आवाज आला, "दादा, मी वेळेवर दाबतोय रे!" आणि खरंच तो वेळेवर दाबत होता.

मी नंतर हिशोब मांडला, हिशोबाशिवाय मला झोप येत नाही. पुणे-पार्सिपनी सरळ रेषेत धरलं तरी साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन पंचवीस हजार, म्हणजे नुसत्या प्रकाशालाच सेकंदाचा आठवा भाग लागतो. तारा काही सरळ रेषेत नसतात, समुद्राखालून, इकडून तिकडून वळसे घालत येतात. मध्ये दहा ठिकाणी थांबणं. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग सहज. हा खेळ सेकंदाला पस्तीस टिचक्यांवर चालतो, तेव्हा सात टिचक्या गेल्या. धावत्या सॉनिकनं सात टिचक्या उशिरा उडायचं म्हणजे लोकल सुटल्यावर फलाटावर पाय उचलण्यासारखं आहे. चुलतभाऊ वाईट खेळत नव्हता. मध्ये अरबी समुद्र होता, आणि अटलांटिक.

बरं, जवळचे खेळाडू शोधू म्हटलं तर तेही होतं. भाच्यानं एकदा यादी उघडून दाखवली. बऱ्याच खोल्या रिकाम्या, आणि एक-दोन खोल्या माणसांनी तुडुंब. रिकाम्या खोलीत कोण जाणार? एकटं जाऊन बसायचं आणि कुणी येतंय का पाहायचं? मंडळाच्या गणपतीला सहाची वेळ दिली की पाच पन्नासला कोण जातं सांगा. सगळे गाडीत बसून एकमेकांना विचारत असतात, "पोचलात का? कोण कोण आलंय?" चार घरं पोचली की पाचवं निघतं. रिकाम्या खोल्यांतही तसंच होत असणार: दहा जण बाहेरून डोकावतात, आत कुणी नाही पाहतात आणि निघून जातात. एकाच वेळी डोकावले असते तर दहांचा खेळ झाला असता.

मग भरलेल्या खोलीत जा! मी तसंच म्हणाले. भाचा गेला, माझ्या आग्रहाखातर. तिथे 'मॅच' नावाचा प्रकार चालला होता. एकट्यानं खेळताना सॉनिक सोन्याच्या कड्या गोळा करतो. मॅचमध्ये त्याच कड्या एकमेकांना फेकून मारायच्या! उसळणाऱ्या, फुटणाऱ्या, भराभर सुटणाऱ्या, लांबून एका झटक्यात वेध घेणाऱ्या अशा तऱ्हातऱ्हांच्या. म्हणजे आतलं डूमचं हाड इथे बाहेर येतं. आता मला सांगा, ज्या पोरानं तीन महिने घरात बसून फक्त उड्या मारल्या, त्यानं हा नेम कधी शिकायचा? एकट्याच्या खेळात ते हत्यार हातातच देत नाहीत. गृहपाठ गणिताचा आणि परीक्षा संस्कृतची. आणि समोर कोण? पंधरा-पंधरा वर्षं तेच खेळणारे मुरलेले बुवा, इतके लोणच्यासारखे मुरलेले की नवीन फोड दिसली की तेलात बुडालीच. भाचा चौदा सेकंदांत चार वेळा मेला आणि म्हणाला, "मावशी, ते सगळे एकमेकांना ओळखतात." माझ्या काळजात चर्र झालं. वीस वर्षांपूर्वी मी इथे नवीन असताना पहिल्या भोंडल्याला गेले होते तेव्हा नवऱ्याला अगदी हेच वाक्य म्हटलं होतं.

या खेळात एकमेकांना न मारता, सगळ्यांनी मिळून गावं पार करायचा 'को-ऑप' प्रकारही आहे, आणि तो ऐकून आम्हा बायकांना बरं वाटलं. पण त्यात सगळे शेवटापर्यंत पोचल्याशिवाय पुढचं गाव नाही अशी अट लावता येते म्हणे. म्हणजे एक जण कड्याखाली फिरत राहिला तर सात जण दाराशी पाय आपटत उभे. मी एका रविवारी स्वतः बसून पाहिलं. सात पोरं माझ्यासाठी उभी राहिली. कुणी एकही शब्द बोललं नाही. मी त्या टेकडीवर बावीस मिनिटं होते. शेवटी एकानं अत्यंत अदबीनं विचारलं, "काकू, मी तुमच्यासाठी करून देऊ का?" असा अपमान माझा ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेतही झाला नव्हता.

आता पोरांना माणूसघाणं म्हणावं, तर तसंही नाही, आणि इथेच या भानगडीला तडका बसतो. याच 'सॉनिक रोबो ब्लास्ट २' वर काही जणांनी २०१८ मध्ये मोटारशर्यत रचली: 'एसआरबी२ कार्ट'. तेच डूमचं हाड, तीच पात्रं, पण छोट्या गाड्यांत. आणि काय सांगू, तिथे गर्दी! मूळ घर ओस आणि वळचणीला जत्रा. इतकी, की त्या मंडळींनी पुढे २०२४ मध्ये तिचीच नवीन बहीण, 'रिंग रेसर्स', बाहेर काढली. भाच्याच्या मते कारण साधं आहे. गाडी सात टिचक्या उशिरा वळली तरी ती रस्त्यावरच असते. उडी उशिरा मारली की खड्डा. शिवाय शर्यतीत मागे राहिलेल्याला बरी आयुधं मिळतात, त्यामुळे शेवटचाही पहिल्याला छळू शकतो. मराठी माणसाला याहून अधिक काय हवं, असं डोंबिवलीचे भाऊजी म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते त्यांच्याच मंडळाबद्दल बोलत होते.

चाहत्यांच्या खेळांवरून आणखी एक गोष्ट कानावर आली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेगा ही समजूतदार सासू. पोरांनी सॉनिकला घेऊन काय वाटेल ते करावं, ती डोळा झाकते. २०१७ मध्ये तर असे चाहत्यांचे खेळ करून नाव काढलेल्यांनाच बोलावून 'सॉनिक मॅनिया' करवून घेतला. पळून जाऊन लग्न केलेल्यांनाच पुढच्या मुंजीचं आचारीपण दिलं म्हणा ना. निन्टेन्डोचं मात्र तसं नाही. २०१६ मध्ये कुणी त्यांच्या 'मेट्रॉइड' या खेळाचा जुना भाग जीव ओतून नव्यानं केला, तो ऑगस्टात बाहेर आला आणि लगेच नोटीस. २०१७ मध्ये 'सुपर मारिओ ६४' चोवीस जणांना मिळून खेळता येईल असा केला, त्यावरही बडगा. २०१९ च्या जूनमध्ये तर कुणी मारिओंची ही एवढी झुंड एकाच वेळी पळवली, नाव 'मारिओ रॉयल'. चार दिवस दुनिया पळाली, मग वकील आले. पाहा, म्हणजे जिथे माणसं धावून आली तिथलं घर पाडलं, आणि जिथलं घर पाडत नाहीत तिथे माणसं फिरकत नाहीत! दोन्ही सासवांना समोरासमोर बसवून कुणीतरी हे विचारायला हवं. मला बोलावलं तर मी जाईन.

(एक पोरगा मात्र हुशार निघाला. २००९ मध्ये त्यानं चाहता म्हणून मारिओचा खेळ केला, त्यात दोघांना एका सोफ्यावर बसून खेळायची सोय ठेवली. पुढे दुसऱ्याचं पात्र सोडून २०११ मध्ये स्वतःचं घर बांधलं: टेरारिया. ती खपली ती खपलीच.)

तर गेल्या शनिवारी मी ठरवलं, आता बास. नऊ पोरं, एक तळघर, एकच वायफाय. समुद्र मध्ये नाही, बाहेरचं दार उघडायला नको, सगळ्यांची आवृत्ती एकच, कारण सगळ्यांनी एकाच पोराकडून घेतलेली. आता सबब काय? बाबांची परवानगी लागत नव्हती, तरी मी ती घेतली. यजमान कोण, यावर पोरांत चांगली दहा मिनिटं "तू हो, तू हो" झालं. माझ्या पिढीत ते ताटाच्या शेवटच्या वडीवरून होतं. शेवटी ज्याच्या घरी होतो त्याच्यावरच आलं, आणि नवांचे नऊ सॉनिक पहिल्यांदा एका टेकडीवर उभे राहिले. काय आरडाओरडा! हेडफोन निघाले. "अरे तू कुठंयस?" "तुझ्या डोक्यावर!" "ए, माझी कडी घेतलीस!" दोन जण मुद्दाम एकमेकांना अडवत होते, एक नुसता पाण्यात बसून राहिला होता, कुणीही पुढे जात नव्हतं, आणि कुणाला जायचंही नव्हतं. मी पायरीवर बसून पाहत होते, अगदी पदर डोळ्याला लावायच्या बेतात.

तेवढ्यात वरून यजमानाच्या आईची हाक आली. "जेवायला ये, गार होतंय!" एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पूर्ण नाव घेतलं. पूर्ण नाव घेतल्यावर न्यू जर्सीतलं पोरसुद्धा उठतं. त्यानं घाईघाईत खेळच बंद केला, आणि आठही पडदे त्याच क्षणी गेले. टेकडी नाही, फुलं नाहीत, काही नाही. यजमान उठला की जगच उठतं, अशीच ती रचना आहे. आठ पोरं आठ कोऱ्या पडद्यांकडे पाहत राहिली, मग हळूहळू एकेकाचा हात हेडफोनकडे गेला.

वर आम्ही जेवायला बसलो. यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर थकवा दिसत होता. सलग दोन शनिवार त्यांच्याच घरी. मी जराशा उत्साहात म्हणाले, "पोरांना किती मजा आली! पुढच्या शनिवारीही जमवू या. कुणाकडे?"

कोथरूडच्या वहिनींना एकाएकी मिठाची वाटी सापडेना. नाशिकच्या काकूंनी पर्समध्ये हात घातला तो बराच वेळ बाहेर काढला नाही. डोंबिवलीचे भाऊजी बर्फ किती पडलाय ते पाहायला खिडकीशी गेले. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमचं तळघर ना, अजून फिनिश व्हायचंय."

माझ्या घराला तळघरच नाही, हे त्यांना माहीत आहे.